विश्वासाचे भांडवल

सह्याद्रीच्या डोंगरात, रतनगडाच्या परिसरात प्रवरा नदी उगम पावते. अकोले, संगमनेर ही गावे मागे टाकीत ती पूर्वेकडे वाहत जाते आणि प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. या नदीच्या उत्तरेस, शिर्डीपासून थोड्याच अंतरावर लोणी नावाचे गाव आहे. लोणी बुद्रुक आणि लोणी खुर्द अशी त्याची दोन अंगे आहेत. पूर्वी अहमदनगर या नावाने ओळखला जाणारा आणि 2024 पासून अहिल्यानगर म्हटला जाणारा जो जिल्हा, त्यातील राहाता तालुक्यात हे गाव मोडते.

आज लोणीस जाणाऱ्या प्रवाशास दुतर्फा उसाचे हिरवेगार मळे दिसतात. साखर कारखान्याचे उंच धुराडे दुरूनच नजरेत भरते. शाळा, महाविद्यालये, मोठे रुग्णालय, गजबजलेला जनावरांचा बाजार हे सारे पाहून त्यास वाटावे, की या गावावर लक्ष्मीचा वरदहस्त पूर्वीपासूनच असला पाहिजे. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा सारा मुलूख कोरडा व कर्जबाजारी होता. तो पालटला कसा, ही कथा मोठी बोधप्रद आहे.

सह्याद्रीचे कडे पावसाळी ढग अडवितात, त्यामुळे डोंगरापलीकडे पूर्वेस पाऊस फार थोडा पडतो. लोणीच्या परिसरात तो वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास, आणि तोही लहरी. जमीन काळी व कसदार. पण पाणीच नसेल तर कसदार जमीन काय करणार? बाजरी, ज्वारी, थोडे करडई-हरभऱ्याचे पीक, आणि ज्याच्या विहिरीस पाणी असेल त्याची थोडीशी बागाईत, एवढ्यावर गाव जगत असे. पाऊस वेळेवर आला तर घरात धान्य येई. तो चुकला, की शेतकरी सावकाराच्या ओसरीवर जाऊन बसे.

बियाण्यासाठी कर्ज, बैल मेला म्हणून कर्ज, सारा भरण्यासाठी कर्ज, मुलीच्या लग्नासाठी कर्ज! शेतकऱ्यास लिहितावाचता येत नसे. सावकार कागदावर काय लिहितो हे त्यास कळत नसे. तो केवळ अंगठा उठवी. व्याजावर व्याज चढत जाई आणि एके दिवशी बापजाद्यांची जमीन सावकाराच्या नावे होऊन जाई. या दुःखाचा कडेलोट 1875 साली झाला. त्या वर्षीच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांनी कर्जाचे रोखे व खतपत्रे हिसकावून घेऊन जाळून टाकली. हे लोण पाहता पाहता नगर जिल्ह्यातही पसरले. पुढे 1879 मध्ये सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. त्यामुळे थोडा दिलासा मिळाला खरा. परंतु कागद जाळल्याने किंवा कायदा केल्याने शेतकऱ्याची नड भागत नव्हती. पेरणीच्या वेळी त्यास पैसा लागेच, आणि तो देणारा सावकाराखेरीज दुसरा कोणी नव्हता.

विसाव्या शतकाच्या आरंभी या मुलखात एक मोठी घटना घडली. प्रवरेच्या उगमाजवळ भंडारदरा येथे धरणाचे काम 1910 मध्ये सुरू झाले आणि 1926 मध्ये ते पूर्ण झाले. खाली ओझर येथील बंधाऱ्यापासून नदीच्या दोन्ही बाजूंनी कालवे निघाले. डाव्या कालव्याचे पाणी लोणीच्या बाजूस आले. ज्या रानात बाजरीचे कणीस जेमतेम भरत असे, तेथे उसाचे पीक डोलू लागले. लोकांस वाटले, आता आपले दैन्य संपले!

पण दैन्य इतक्या सहजासहजी संपत नाही. उसाचे पीक फार खर्चाचे. लागवडीस बेणे हवे, खतासाठी पेंड हवी, कालव्याची पाणीपट्टी भरावयास हवी. आणि लागवडीपासून तोडणीपर्यंत वर्ष-दीड वर्ष वाट पाहावयास हवी. तेवढे दिवस हाती पैसा कोठून यावा? शेतकरी व्यापाऱ्याकडून उचल घेई आणि होणारा गूळ त्यालाच घालण्याचे कबूल करी. ऊस तयार झाला, की मळ्यात गुऱ्हाळ सुरू होई. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत ओतीत. खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ धडधडे. गुळव्या रसावरची मळी काढून टाकी आणि पाक नेमका केव्हा उतरावयाचा हे डोळ्यांत तेल घालून पाही. सारा आसमंत गोड वासाने भरून जाई. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती रसाचा तांब्या दिला जाई. पण त्या गुळाच्या ढेपा बाजारात गेल्या, की भाव ठरविणारा दुसराच असे. 1930 च्या सुमारास जगभर मंदी आली व शेतमालाच्या किमती कोसळल्या. ज्यांनी भरपूर पिकविले, त्यांच्याच डोक्यावर कर्जाचा बोजा अधिक झाला. पाणी आले, पीक आले, तरी घर रितेच! हे असे का व्हावे, याचा विचार कोणीतरी करावयास हवा होता.

लोणी बुद्रुक येथील एका शेतकऱ्याने तो केला. त्यांचे नाव विठ्ठलराव विखे पाटील. त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालेले. परंतु शेतीचा व माणसांचा अनुभव दांडगा होता. एकटा शेतकरी सावकारापुढे व बाजारापुढे दुबळा ठरतो, म्हणून शेतकऱ्यांनी एकत्र आले पाहिजे, ही गोष्ट त्यांच्या मनाने घेतली. 1904 मध्ये आपल्या देशात सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला होता. त्याचा आधार घेऊन विठ्ठलरावांनी 1923 मध्ये लोणी येथे गावकऱ्यांची पतपेढी उभारली.

मुलांनो, पतपेढी हा शब्द आज आपल्या अंगवळणी पडला आहे. त्या काळी तिचे सभासद होणे ही साधी गोष्ट नव्हती. गावाकडील अशा पतपेढ्या तेव्हा ‘अमर्यादित जबाबदारी’च्या तत्त्वावर चालत. याचा अर्थ असा, की पतपेढीने घेतलेल्या कर्जास सगळे सभासद मिळून जबाबदार. एखाद्याने आपले कर्ज बुडविले व पतपेढीचे देणे भागेनासे झाले, तर ते फेडण्यासाठी दुसऱ्या सभासदांच्या घरादारावर व जमिनीवरही टाच येऊ शकत असे. आता विचार करा. ज्याच्यापाशी चार एकर जमिनीखेरीज काही नाही, अशा मनुष्याने या कागदावर सही किंवा अंगठा कसा करावा? शेजारी आळशी निघाला तर? भावकीतल्या कोणी लग्नात पैसा उधळला तर? त्याचे पाप आपल्या मुलाबाळांना भोवावे काय? अशी शंका मनात येणे अगदी स्वाभाविक होते. सावकाराच्या कागदावर केवळ स्वतःचे नशीब टांगलेले असे. या कागदावर साऱ्या गावाचे नशीब एकत्र बांधले जाणार होते.

तरीही लोक पुढे आले. ते कशाच्या बळावर? आपल्या खेड्यांतील जुन्या रीतिभाती आठवल्या म्हणजे याचे उत्तर मिळते. खेड्यात सावड करण्याची चाल फार जुनी आहे. आज तुम्ही माझ्या शेतात खुरपावयास या, उद्या मी तुमच्या शेतात येतो, अशी ही देवघेव. तिचा हिशेब कोणी वहीत लिहीत नाही. पण तो चुकतही नाही. एखाद्याचे काम अडले, की सारे गाव बैल-औते घेऊन त्याच्या शेतावर जाते व दिवसभरात नांगरट आटोपून देते. यास इर्जिक म्हणतात. त्या दिवशी घरधनी सर्वांस जेवू घालतो. हरिनामाच्या सप्ताहात सात दिवस अखंड विणा उभा असतो. एकाने पहारा सोडावयाचा व दुसऱ्याने घ्यावयाचा, पण विणा खाली टेकू द्यावयाचा नाही, असा नेम असतो. एकमेकांवर विसंबून राहण्याचे शिक्षण आपल्या गावांस अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले आहे. पतपेढीने एवढेच केले, की ज्या विश्वासाने लोक बैल उसने देत, तोच विश्वास पैशाच्या व्यवहारात आणला; आणि त्यास चोख हिशेबाची जोड दिली.

हिशेबाची ही जोड महत्त्वाची आहे. नुसत्या भोळ्या विश्वासाने संस्था चालत नाही. कोण कष्टाळू, कोणास खरोखरच नड आहे, कोणाचे पीक कसे आहे, हे गावात सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे कर्ज कोणास व किती द्यावे, हे दूरच्या सावकारापेक्षा गावकऱ्यांनाच अधिक चांगले कळते. आणि एकाची चूक सर्वांस भोवणार असल्याने प्रत्येकजण दुसऱ्याच्या शेताकडेही आपल्याच शेतासारखे पाहू लागतो. शेजाऱ्याचे भले होण्यात आपलेही भले आहे, हा धडा लोक अशा रीतीने व्यवहारातून शिकले.

पतपेढीने कर्जाचा प्रश्न हलका केला. मालाच्या भावाचा प्रश्न राहिलाच होता. 1932 मध्ये सरकारने देशी साखरधंद्यास संरक्षण दिले, तेव्हा या कालव्यांच्या भागात खाजगी कंपन्यांचे साखर कारखाने भरभराटीस आले. कंपन्या शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेत व त्यांत स्वतः ऊस पिकवीत. जमिनीचा मालक आपल्याच रानात मजुरीस जाई, असेही दृश्य दिसू लागले. विठ्ठलरावांसारख्या विचारी शेतकऱ्यांस वाटू लागले, की ऊस आम्ही पिकवितो, तर साखरेचा कारखानाही आमचा का असू नये?

ही कल्पना ऐकून पुष्कळांनी हसण्यावारी नेली. लाखो रुपयांची यंत्रे, इंजिनिअर, रसायनतज्ज्ञ, बँकांचे व्यवहार हे सारे नांगर धरणाऱ्यांस कसे झेपावे? याच सुमारास या शेतकऱ्यांस एक थोर मार्गदर्शक लाभले. ते म्हणजे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, विख्यात अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. 1945 मध्ये कालव्याखालील बागाईतदारांची एक परिषद बेलापूर भागात भरली. धनंजयराव तिचे अध्यक्ष होते. शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचा साखर कारखाना काढावा, हा विचार तेथून जोर धरू लागला. त्या वेळच्या मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता हे स्वतः सहकाराचे पुरस्कर्ते होते. त्यांनीही या कार्यास पाठबळ दिले.

मग सुरू झाली भागभांडवल जमविण्याची खटपट. विठ्ठलराव व त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले. देवळात, पारावर, मळ्यात बसून ते लोकांस समजावीत. ज्या लोकांनी आजवर पैसा फक्त जमिनीत, बैलांत किंवा दागिन्यांत घातला होता, त्यांस न दिसणाऱ्या कारखान्यासाठी पैसे देण्यास सांगावयाचे होते. पैसे घेऊन हे लोक निघून गेले तर? कारखाना उभाच राहिला नाही तर? पुन्हा तोच जुना प्रश्न उभा राहिला: भरवसा ठेवावा की नाही? या वेळी मात्र लोकांजवळ अनुभवाची शिदोरी होती. पतपेढीने त्यांस शिकविले होते, की चारजण मिळून उचललेले ओझे हलके होते. शेतकऱ्यांनी भाग घेतले. सरकारनेही भाग घेतले. नव्यानेच स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले. लोणीजवळच्या माळावर कारखाना उभा राहिला आणि 1950-51 च्या हंगामात त्याने ऊस गाळण्यास प्रारंभ केला. महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना होय. ज्या वसाहतीत तो उभा राहिला, तिला प्रवरानगर हे नाव मिळाले.

या कारखान्याचे अध्यक्षपद धनंजयराव गाडगीळांकडे होते आणि उपाध्यक्ष होते विठ्ठलराव विखे पाटील. एक नामांकित पंडित आणि एक चौथी शिकलेला शेतकरी असे हे दोघे एकाच गाड्याची दोन चाके झाले. एकाने हिशेबाची शिस्त आणली, दुसऱ्याने माणसे सांभाळली.

सहकारी कारखान्याचे वैशिष्ट्य कशात आहे? कंपनीत ज्याचे भाग अधिक, त्याचा शब्द मोठा. सहकारी संस्थेत पाच एकरांचा मालक असो वा पन्नास एकरांचा, प्रत्येक सभासदास एकच मत. उसाची पाळीही ठरलेली असते. ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही, तर त्यातील साखरेचा उतारा घटतो. म्हणून कोणाच्या शेतात तोड केव्हा पडावयाची हे लागवडीच्या तारखेवरून ठरवावे लागते. तेथे वशिला चालला, तर गरिबाचा ऊस उन्हात वाळून जाईल. म्हणून सहकारात नियम हाच सर्वांत मोठा पाटील!

कारखान्यामुळे गावचे रूप पालटले. उसाच्या भावात गावाचा वाटा आला. त्याबरोबर रस्ते आले, शाळा आल्या. 1961 मध्ये पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी प्रवरानगरास भेट दिली. त्याच वर्षी विठ्ठलरावांस ‘पद्मश्री’ हा किताब मिळाला. 1964 मध्ये प्रवरा पब्लिक स्कूल सुरू झाले. पुढे रुग्णालय व महाविद्यालये निघाली. लोणीचे पाहून महाराष्ट्रात इतरत्रही सहकारी कारखाने उभे राहिले. विठ्ठलराव 1980 मध्ये निवर्तले. आज कारखान्यास त्यांचेच नाव आहे.

येथे आपली कथा संपविता आली असती. परंतु खऱ्या गावाची कथा इतकी गोड असत नाही. उसास पाणी फार लागते. पाटाचे पाणी आले म्हणून ते हवे तेवढे सोडीत गेल्याने प्रवरेच्या खोऱ्यातील पुष्कळ जमिनी चोपण झाल्या. जमिनीखालचे क्षार वर आले, पांढरा थर दिसू लागला आणि पीक येईनासे झाले. धरणातील पाणी सर्वांचे आहे. एकाने ते अधिक घेतले, तर शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यास ते पोहोचत नाही. म्हणून आता निचऱ्याचे चर काढणे, ठिबकने मोजके पाणी देणे, हे शेतकऱ्यांस शिकावे लागत आहे.

दुसरी गोष्ट माणसांची. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या दुष्काळी भागांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात येतात. पहाटेच्या थंडीत नवराबायको कोयता घेऊन फडात उतरतात. पाचटाच्या नाहीतर कापडाच्या कोपीत त्यांचा संसार असतो. तुमच्या वयाच्या कित्येक मुलांची शाळा त्या पाच-सहा महिन्यांत बुडते. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या. तरी सर्व मुलांपर्यंत शाळा पोहोचली, असे म्हणता येत नाही. साखरेचा प्रत्येक दाणा यांच्याही हातांतून आलेला असतो; परंतु कारखान्याच्या सभासदांच्या यादीत त्यांचे नाव नसते.

1923 साली लोणीच्या शेतकऱ्यांनी स्वतःस एक प्रश्न विचारला होता: ‘शेजाऱ्याचे देणे ते आपले देणे, असे मी म्हणेन काय?’ त्यांनी होकार दिला, आणि त्या होकारातून एवढा पसारा उभा राहिला. आता आपला शेजारी कोणास म्हणावयाचे, हा प्रश्न पुढच्या पिढीपुढे आहे. पाटाच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी आपला शेजारी आहे काय? कोपीत राहणारे मूल आपले शेजारी आहे काय? धरण सरकारने बांधले, यंत्रे पैशाने आली; परंतु विश्वासाचे भांडवल गावाने आपल्या पदरचे घातले होते. ते वाटल्याने कमी होत नाही. मात्र ते प्रत्येक पिढीस नव्याने जमवावे लागते.

स्वाध्याय

1. भंडारदरा धरणाचे पाणी आल्यावरही शेतकऱ्यांचे कर्ज का फिटले नाही?
2. ‘अमर्यादित जबाबदारी’ म्हणजे काय? पतपेढीच्या कागदावर सही करताना शेतकऱ्याच्या मनात कोणत्या शंका आल्या असतील, ते आपल्या शब्दांत लिहा.
3. ‘सहकारात नियम हाच सर्वांत मोठा पाटील’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
4. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: डोळ्यांत तेल घालणे, हसण्यावारी नेणे, अंगवळणी पडणे, टाच येणे.
5. सावड, इर्जिक यांसारखी एखादी चाल तुमच्या गावात आहे किंवा होती काय? घरातील वडीलधाऱ्या माणसांस विचारून तिच्याविषयी दहा ओळी लिहा.